कर्दळीचा वाफा

"गटार हा शब्द आज या घरात कुणी काढायचा नाही," आई म्हणाली. चुलीवर पुरणाची डाळ रटरटत होती आणि आईच्या हातात पळी होती. ती पळी तिनं माझ्या रोखानं धरली होती, दादाच्या नाही. "मागं काय हाय म्हणून कुणी विचारलं, तर बाग म्हणायचं. फुलांची बाग. एवढं म्हण आणि तोंड मीट."

मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. लग्न होऊन, कडेवर पोर घेऊन, खास दादाच्या या कार्यक्रमासाठी माहेरी आले होते. पण माझ्या फटकळपणाची ख्याती सासर-माहेर दोन्हीकडं होती, त्यामुळं मी मुकाट्यानं मान हलवली. दादा मागच्या दारात बसून दाढी करत होता. तो आरशात बघतच म्हणाला, "आणि पाहुण्यांनी जवळ जाऊन बघितलं तर?"

"कशाला जातील? घर बघायला यायचेत ते, परसात फिरायला नव्हं."

दादा पुढं काही बोलला नाही. तो कधीच बोलत नसे. घरातलं सगळं बोलणं मी आणि आई आपसात वाटून घ्यायचो, त्याच्या वाट्याला काही उरायचंच नाही.

आमचं चिंचटेक उतारावर वसलेलं. वर देऊळ आणि शाळा, मधे वस्ती, आणि सगळ्यात खाली आमचं घर. वरच्या आळीत कुणी भांडी घासली, कुणी धुणं आपटलं, कुणी म्हैस धुतली, की ते सगळं पाणी वळणं घेत घेत आमच्या दारात यायचं आणि तिथंच मुक्काम ठोकायचं. पुढं जायला त्याला वाटच नव्हती. दारासमोर काळंशार डबकं, त्यात डुकरं, आणि संध्याकाळ झाली की डासांची फौज. आम्हाला गावात आडनावानं कुणी ओळखत नसे, 'डबक्यावरचे' म्हणत. कुणी पत्ता विचारला तर, "नाक नेईल तिकडं जा," असं सांगणारे महाभागही होते.

माझं लग्न दादाच्या आधी झालं ते त्यामुळंच. मी त्या घरातून बाहेर जाणार होते, डबकं काही माझ्याबरोबर येणार नव्हतं. दादाच्या बायकोला मात्र त्या घरात यायचं होतं, जन्मभरासाठी. आमच्याकडं मुलीचे लोक घर बघायला येतात तेव्हा पसंती तोंडानं सांगत नाहीत. चहा पिऊन उठले तर समजायचं की जमत नाही, आणि जेवायला बसले की जमलं. दादाच्या नशिबी तर चहासुद्धा नव्हता. एकदा एक पाहुणे जीप घेऊन आले. त्यातल्या एकानं पाय खाली टाकला, रुमाल नाकाला लावला आणि टाकलेला पाय परत वर घेतला. जीप तशीच मागं फिरली. आईनं पुरणाचं भांडं झाकून ठेवलं आणि दोन दिवस चूल सोडून कुणाशी बोलली नाही. दादानं तिशी ओलांडली, कानाशी केस पांढरे दिसायला लागले, तरी आई प्रत्येक पाहुण्यासाठी पुरण घालायची काही थांबली नव्हती.

दादा गवंडी होता. डोंगराकडच्या एका आश्रमशाळेचं बांधकाम करायला गेला, तिथं त्यानं पाहिलं की पोरांच्या अंघोळीचं पाणी एका लांब वाफ्यातून सोडतात. वाफ्यात माती नाही, दगड, खडी आणि वाळू, आणि त्यात कर्दळ लावलेली. एका टोकाला घाण पाणी आत, दुसऱ्या टोकाला निवळ पाणी बाहेर. काम संपलं तरी तो तिथं घुटमळत राहिला. घरी आला तो फावडं घेऊनच. दारातलं पाणी त्यानं चर काढून घराच्या मागं वळवलं, आधी एक टाकी बांधली, तिच्या तोंडाला जाळी बसवली, आणि पुढं आपल्याच परसात कर्दळीचा वाफा केला. गाव हसलं. दिगंबरनं गटाराची शेती काढली म्हणालं. पण पावसाळा सरता सरता वाफा असा फुलला की काय सांगू. लाल, पिवळी, ठिपक्यांची फुलं. वास गेला, डबकं आटलं, डुकरांनी दुसरं घर शोधलं. हसणारे हळूच येऊन बघून जायला लागले.

आईला वास गेल्याचा आनंद झाला. वाफ्याचा नाही. तिच्या लेखी ते गटारच राहिलं, वरून फुलं आलेलं. दादा रोज सकाळी जाळी काढून साफ करायचा. त्यात केस, भाताची शितं, साबणाच्या वड्यांचे कागद, फाटकी फडकी, काय काय अडकलेलं असायचं. ते काढून तो आला की आई त्याला मागच्या दाराबाहेरच उभा करायची. त्याची बादली वेगळी, तांब्या वेगळा, तोही बाहेरच्या खुंटीला. हातावर पाणी घालायची ते सुद्धा हात उंच धरून, थेंब आपल्या अंगावर उडू नये म्हणून. अंघोळ करून आला की मग तो तिचा दिगू. मागच्या खेपेला मी ओंजळभर फुलं तोडून देवाला आणली, तर तिनं ती उंबऱ्याबाहेर टाकायला लावली. तिच्या देवांना शेजारच्या गोपिकाकाकूंच्या दारातली जास्वंद चालायची, पोराच्या वाफ्यातली कर्दळ नाही. दादा तेव्हा तिथंच होता. त्यानं बघितलं आणि करणी-थापी उचलून कामाला निघून गेला. माझा असा संताप झाला होता. पण आईपुढं माझाही संताप चुलीशीच विझायचा.

त्या दिवशी पाहुणे पहिल्या एसटीनंच आले. मालनचे, म्हणजे मुलीचे, वडील गेनुभाऊ आणि त्यांची थोरली विधवा बहीण, भागूआत्या. मालनला आई नव्हती, तिला या आत्यानंच वाढवलं होतं. गेनुभाऊ गरीब माणूस, बहिणीच्या तोंडाकडं बघून हो-नाही म्हणणारा. तेव्हा जे काही होणार ते या बाईच्या मनावर होतं, हे त्या ओसरीवर टेकल्या तेव्हाच आम्हाला कळून चुकलं. बारीक अंगाच्या, पांढऱ्या लुगड्याच्या, आणि डोळे असे की कोनाड्यातली धूळसुद्धा त्यांच्यापासून लपली नसती.

आईनं पाणी पुढं केलं, तर त्यांनी तांब्या हातानं बाजूला सारला. पहाटेची गाडी धरायची म्हणून पूजा राहून गेली होती आणि पूजा झाल्याशिवाय त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. अंघोळ तेवढी करून निघाल्या होत्या. तुमच्याच देवांची पूजा करते म्हणाल्या, माझी पूजाही होईल आणि तुमचे देवही बघून होतील. आई खूश झाली. देव लख्ख घासलेले होते, देवघर कालच सारवलेलं होतं. तिनं लगबगीनं गोपिकाकाकूंच्या जास्वंदीचं तबक आणलं.

"कुणाच्या दारची?" आत्याबाईंनी विचारलं.

आईनं सांगितलं शेजारची. त्यांनी मान हलवली. देव एका घरचे आणि फूल दुसऱ्याच्या दारचं, हे त्यांना चालत नव्हतं, आणि दुसऱ्यानं तोडलेलं तर नाहीच. देवाला फूल वाहायचं ते स्वतःच्या हातानं तोडून, ही त्यांची लहानपणापासूनची रीत. आणि बोलता बोलता त्यांची नजर स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडं गेली. दार सताड उघडं, आणि त्या चौकटीत लालभडक कर्दळ डुलत होती.

"एवढी बाग असताना शेजारी कशाला जाता?" असं म्हणून त्या उठल्यासुद्धा.

आईनं माझ्याकडं बघितलं. एरवी माझं तोंड बंद करणारी आई, त्या वेळी डोळ्यांनी मला म्हणत होती, बोल काहीतरी. मी म्हणाले, आत्याबाई, मागं ओल आहे, पाय घसरेल. त्या म्हणाल्या, मी चिखलातच जन्मले बाई, आणि गेल्या. परत आल्या तेव्हा पदर फुलांनी भरलेला. चेहरा असा उजळलेला, की आल्यापासून पहिल्यांदा ती बाई मला हसरी दिसली.

"पानं कशी तकतकीत हायत. पाणी भरपूर दिसतंय?"

"हो," आई म्हणाली. "पाण्याला काही कमी न्हाई." खोटं बोलली असं कुणी म्हणू शकलं नसतं. पण घाम तिच्या कपाळावर फुटलेला मी बघितला.

जास्वंदीचं तबक कोपऱ्यात सारून, पदरातली फुलं दुसऱ्या तबकात ओतून आत्याबाई देवघरासमोर बसल्या. खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, एकेकाला ताम्हनात घेऊन अंघोळ घातली, पुसलं, गंध लावलं. आई दाराची चौकट धरून उभी होती. तिची अवस्था माझ्याच्यानं बघवत नव्हती. सांगावं तर आलेले पाहुणे चालले, पोरगा जन्माचा तसाच राहिला. न सांगावं तर गावभरच्या मोरीवर पोसलेलं फूल तिच्या डोळ्यांदेखत तिच्या देवांच्या डोक्यावर. आणि माझ्या तोंडाला तर तिनंच कुलूप घातलेलं. आत्याबाईंनी तबकातलं एक लाल फूल उचललं.

"आत्याबाई, थांबा."

दादा होता. ओसरीवर गेनुभाऊंजवळ बसला होता तो उठून आत आला होता. आत्याबाईंचा हात तसाच राहिला.

"ती फुलं सांडपाण्यावरची हायत," दादा म्हणाला. "सगळ्या गावाचं मोरीचं, भांड्याचं, धुण्याचं पाणी मागं येतं. त्यावर मी वाफा केलाय. तुमची पूजा बाटायला नको म्हणून सांगितलं."

आयुष्यात तो एका दमात एवढी वाक्यं कधी बोलला नव्हता. आईनं डोळे मिटून घेतले. बाहेर गेनुभाऊंनी शेजारी काढून ठेवलेली टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मला वाटलं, संपलं. चहासुद्धा नाही. डाळ शिजून तयार होती, तिचा वास घरभर दरवळत होता आणि मला रडू यायच्या बेतात होतं.

आत्याबाईंनी फूल तबकात ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "दाखव," म्हणाल्या.

दादा पुढं, त्या मागं, आणि त्यांच्या मागं मी, पोराला कडेवर घेऊन. त्यांनी सगळं सुरुवातीपासून बघितलं. चर कुठनं येतो, टाकीत गाळ कसा बसतो, जाळीला काय अडकतं. दादानं टाकीवरची फरशी सरकवली तसा भपकारा आला आणि मी पदर नाकाला लावला, त्यांनी नाही लावला. मग वाफ्याच्या कडेनं चालत शेवटच्या टोकाशी आल्या. तिथं नळीतून बारीक धार हौदात पडत होती आणि पुढं पपईच्या आळ्यांत जात होती. त्यांनी ओंजळ धरली, पाणी नाकाशी नेलं.

"पिण्याचं न्हाई हां ते," दादा घाईनं म्हणाला. "झाडांनाच चालतं."

"कळतंय मला." त्यांनी ओंजळ पपईच्या बुंध्याशी सोडली. "जाळी रोज काढावी लागत असंल."

"रोज."

"कोण काढतं?"

"मीच."

"हातानं?"

"आकड्यानं. अडकलंच काही तर हातानं."

त्या वळल्या. मागच्या दाराशी त्यांना बाहेरच्या खुंटीला लटकलेला तांब्या दिसला, खाली ठेवलेली बादली दिसली. हात धुवायला त्यांनी तांब्याला हात घातला, तर मी बोलून गेले, तो नको, तो दादाचा. मग जीभ चावली. पण बोललेलं त्या बाईंच्या कानातून सुटणार थोडंच होतं. त्यांनी तांब्याकडं बघितलं, दादाकडं बघितलं, आतल्या आईकडं बघितलं. मग त्याच तांब्यानं त्याच बादलीतलं पाणी घेऊन सावकाश हात धुतले, पाय धुतले, आणि आत येऊन पुन्हा पाटावर बसल्या.

"मी काही ही फुलं वाहायची न्हाई," त्या म्हणाल्या.

दादानं मान खाली घातली. आई चौकट सोडून भिंतीला टेकली.

"देव तुमचे हायत, बाई," आत्याबाई आईला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "वाहायची का टाकायची ते तुम्हीच ठरवा. मला एकच सांगा. या पोरानं गावाची घाण उपसून तुमचं दार मोकळं केलं आणि तुम्ही त्याचा तांब्या बाहेर टांगला. उद्या माझी मालन इथं आली, नवऱ्याबरोबर तिनंही जाळीला हात लावला, तर तिचाही तांब्या त्याच खुंटीला लावणार का?"

ओसरीवरून गेनुभाऊ दारापर्यंत आले होते, ते तिथंच थबकले. माझ्या आईला असं आजवर कुणी बोललं नव्हतं. माझे वडील हयात होते तेव्हा तेही नाहीत, तिची सासूही नाही. आता ती उसळणार आणि आहे तेही मोडणार, असं मला वाटलं. मी तिची लेक, तिच्या रागाचा अंदाज मला नाही तर कुणाला असणार.

पण आई दादाकडं बघत होती. बराच वेळ बघत राहिली, जणू तो बाहेरगावाहून आत्ताच आला असावा. मग पुढं आली. आत्याबाईंशेजारी बसली, पदर सावरला, आणि तबकातलं तेच लाल फूल उचललं. क्षणभर ते फूल बोटांत तसंच राहिलं. मग तिनं ते खंडोबाच्या टाकावर वाहिलं. दुसरं अन्नपूर्णेला, तिसरं बाळकृष्णाला. देवघर लालेलाल होईतो ती वाहत गेली. गोपिकाकाकूंची जास्वंद तशीच कोपऱ्यात सुकत पडली.

वाहून झाल्यावर तिनं हात जोडले आणि रडली. आवाज न करता, नुसतं पाणी गालावरून. मला कडकडून मिठी मारावीशी वाटली तिला, पण कडेवर पोर होतं आणि समोर पाहुणे होते.

आत्याबाईंनी तीर्थ घेतलं. डोळ्यांना लावलं. पाटावरून उठता उठता जरा कण्हल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "डाळीचा वास लई चांगला येतोय. गेन्या, टोपी काढ. जेवून जाऊ."

मी स्वयंपाकघरात पळाले ते डोळे पुसायलाच. मी पुरण वाटलं, आईनं पोळ्या लाटल्या. गेनुभाऊंनी इतक्या पोळ्या खाल्ल्या, की आत्याबाईंना त्यांना शेवटी डोळ्यांनी दटावावं लागलं. निघताना आत्याबाईंनी दादाकडून कर्दळीचे चार कंद मागून घेतले, मातीसकट पदरात बांधले. आमच्याही घरामागं मोरीचं पाणी तुंबतंय, म्हणाल्या, मालनला लावायला सांगते, तेवढीच तिला सवय.

पाहुण्यांना गाडीत बसवून दादा परत आला तेव्हा उन्हं उतरली होती. आई मागच्या दारात उभी होती. मी भांडी घेऊन मोरीत बसले होते, तिथून मला दोघंही दिसत होते. आईनं खुंटीचा तांब्या काढला, खळबळून धुतला आणि आत नेऊन माठावर, आमच्या तांब्यांच्या शेजारी ठेवला. दादा बघत राहिला. मग आई पुन्हा बाहेर आली आणि पहिल्यांदाच वाफ्याच्या कडेपर्यंत गेली. एका पानाला हात लावून बघितला, घरातल्या वासराला लावावा तसा.

"सकाळी जाळी काढून येतोस ना," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "तेव्हाच येताना देवाला चार फुलं आणत जा."

"अंघोळ करून आणतो."

"अंघोळ मागनं कर. तसाच आत ये."